पडोळे काकांच्या कंप्युटरचा कॅपिटल रिपेअर

पडोळे काका सकाळी सहा वाजता कंप्युटर सुरू करायचे आणि आंघोळीला जायचे.

आंघोळ झाली की देवपूजा. देवपूजा झाली की अंगणातल्या अकरा कुंड्यांना पाणी. मग चौकातून दुधाची पिशवी. परत आल्यावर चपला काढता काढता ते विचारायचे, "आली का?" काकू आतूनच सांगायच्या, "गोल फिरून राहिली अजून." आली म्हणजे स्क्रीन, आणि गोल फिरून राहिली म्हणजे स्क्रीनवरची ती गिरकी. मग काका चहा घ्यायचे. चहाचा कप विसळून पालथा घातला की कंप्युटर सुरू झालेला असायचा. चाळीस मिनिटं. थंडीत पन्नास.

"थंडीत टाइम लागतेच," काका म्हणायचे. "भट्टी असो का माणूस, गरम व्हायले टाइम देवा लागते."

मी त्यांची शेजारीण. माहेर गोंदियाचं, लग्न होऊन भिलाईत आले. इथल्या कोहका भागात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. मी शाळेत कंप्युटर शिकवते. माझा एक तास चाळीस मिनिटांचा असतो. तेवढ्यात मी हजेरी घेते, धडा शिकवते, दोघांची भांडणं सोडवते आणि एकाला वर्गाबाहेर उभं करते. तेवढ्याच वेळात काकांचा कंप्युटर फक्त डोळे उघडायचा. शिक्षिका म्हणून मला हे बघवत नसे.

काका प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, चौतीस वर्षं मेंटेनन्सला होते. रिटायर झाले, सेक्टर दहाचं कारखान्याचं क्वार्टर सोडलं आणि कोहक्यात घर बांधलं, त्याला सात वर्षं झाली. पण प्लांट सुटला म्हणजे प्लांटची शिस्त सुटते असं नाही. प्लांटमध्ये कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी परमिट लागतो. म्हणजे लेखी परवानगी, ज्याची जागा त्याची सही घेऊन. काकांच्या घरात बल्ब बदलायलाही परमिट लागतो. मी तो कागद डोळ्यांनी बघितला आहे. कामाचं स्वरूप: बल्ब बदलणे. जागा: न्हाणीघर. संभाव्य धोका: अंधार. खाली काकूंची सही, हुद्दा 'क्षेत्र प्रभारी'.

एकदा काकू कशावरून तरी रागावल्या आणि त्यांनी सही करायला नकार दिला. काकांनी चार दिवस अंधारात आंघोळ केली, पण बल्बला हात लावला नाही. पाचव्या दिवशी ते अंगाऐवजी भिंतीला साबण लावून आले तेव्हा काकूंनाच दया आली.

आम्ही दोन दिवस गोंदियाला गेलो तरी काका नुसती किल्ली घेत नाहीत. 'हँडओव्हर' घेतात. वहीत लिहून घेतात. गॅस बंद. नळ बंद. खिडक्या पाच, पैकी एकीची कडी ढिली. स्वयंपाकघरात पाल एक. परत आल्यावर तीच वही उघडून घर आमच्या ताब्यात देतात. "पाल एक," ते गंभीरपणे वाचतात, "चालू हालतीत."

तर गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आधी आमचा प्रिंटर बिघडला, म्हणून मी प्रश्नपत्रिका छापायला त्यांच्याकडे गेले. कंप्युटरच्या पोटातून आवाज येत होता. टक्. टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्.

"काका, हा आवाज कधीपासून येतोय?"

"दिवाळीपासून. बोलून राहिला तो."

"बोलत नाहीये, कण्हतोय. हार्ड डिस्क जाणार आहे ही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग खणातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक कंप्युटरच्या डब्याला टेकवलं, दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले. आयुष्यभर मोटारींचे आवाज त्यांनी असेच ऐकले होते. काकूंनी आत कढईतला झारा थांबवला.

"बेअरिंग गेलं," काका डोळे उघडून म्हणाले. "पोरगी बरोबर सांगून राहिली."

मग मी त्यांना एसएसडीबद्दल सांगितलं. म्हटलं, जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून ती थकते. ही नवी असते तिच्यात काही फिरत नाही. जुन्या डिस्कवरची सगळी सिस्टम, फाइली, जशीच्या तशी नवीवर उतरवून घ्यायची आणि जुनीच्या जागी नवी बसवायची. कंप्युटर पंधरा सेकंदांत सुरू होईल.

"काहीच नाही फिरत?"

"काहीच नाही."

"पंखा?"

"पंखा पण नाही."

"मंग चालते कशानं?"

"चिप असते काका."

मी दुसऱ्या दिवशी एसएसडी आणून दाखवली. काकांनी ती तळहातावर तोलली, कानाशी हलवली, उलटी करून बघितली. "वजन नाही, आवाज नाही, काही फिरत नाही," ते म्हणाले. "हे मशीन नाही बाई. हे ताबीज आहे."

त्या दिवसापासून त्यांच्या घरात एसएसडीचं नाव ताबीज पडलं. काकूंनी ती देवघरात ठेवली. थट्टा म्हणून ठेवली की खरोखर, ते मी अजून विचारलेलं नाही.

काकांनी जाहीर केलं की हे साधंसुधं काम नाही, हा कॅपिटल रिपेअर आहे. प्लांटमध्ये काही वर्षांनी एकदा भट्टी पूर्ण थंड करतात आणि आतून नव्यानं बांधतात, त्याला कॅपिटल रिपेअर म्हणतात. त्याला महिनोन् महिने तयारी लागते. मी म्हटलं, माझ्या हिशोबानं चार तास लागतील. काकांनी मला तीन आठवड्यांचा आराखडा दिला. पहिली मीटिंग त्याच संध्याकाळी झाली. हजर सदस्य तीन. काकूंनी पोहे केले होते, त्याची नोंद इतिवृत्तात 'अल्पोपाहार समाधानकारक' अशी आहे.

दुसऱ्या मीटिंगमध्ये माझी चूक उघडी पडली. जुनी डिस्क मोठी होती आणि मी आणलेली नवी तिच्या निम्म्याहून लहान. म्हातारा माणूस, चार अर्ज आणि नातेवाइकांचे फोटो असतील, असं मी धरून चालले होते. बघते तर डिस्क काठोकाठ भरलेली.

"काका, हे आहे काय एवढं?"

"स्ट्रीट," काका म्हणाले.

अठरा वर्षांपूर्वी सेक्टर दहातल्या त्यांच्या स्ट्रीटमध्ये कंप्युटर फक्त काकांकडे होता. तेव्हा अख्ख्या स्ट्रीटचे कागद या घरातून जायचे. पोरांचे इंजिनीअरिंगचे फॉर्म, बदलीचे अर्ज, मुलींचे लग्नाचे बायोडाटा, कोणाचा जन्मदाखला, कोणाच्या आजीची पेन्शन. कंप्युटर पुढे एकदा बदलला, पण काकांनी सगळं ठेवलं होतं. क्वार्टर नंबरानुसार एकेक फोल्डर. आणि प्रत्येक कागद स्कॅनरच्या सगळ्यात मोठ्या मापात घेतलेला. एका मार्कलिस्टनं जेवढी जागा अडवली होती तेवढ्यात माझ्या शाळेचं अख्खं ग्रंथालय बसलं असतं.

"एवढ्या मोठ्या मापात कशाला हो?"

"माल उतरवताना ग्रेड कमी नाही करायचा."

"मी दाबून लहान करून देते. दिसायला काही फरक पडत नाही."

"दाबायचं नाही!" काका एकदम उभे राहिले. "मार्कलिस्ट आहे ते. पापड नाही."

मग जुनं काढून टाकू, म्हटलं. त्यातली माणसं आता स्ट्रीटमध्ये राहिलेलीच नाहीत. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. कोणी नागपूरला गेलं, कोणी भंडाऱ्याला, कोणी मुलाकडे पुण्याला. ज्या पोरांचे फॉर्म आहेत त्यांच्या पोरांचे आता फॉर्म भरायची वेळ आली.

काकांना ते पटलं. नव्या भट्टीत जुनं भंगार घालायचं नाही, हे त्यांचंच तत्त्व होतं. "पण ज्याची वस्तू त्याची परवानगी," ते म्हणाले. "बिना परमिट मी एक कागद नाही काढत."

"कोणाकोणाची घेणार?"

काकांनी शांतपणे चष्मा लावला, जुनी टेलिफोनची वही उघडली आणि पहिला नंबर फिरवला. फोन स्पीकरवर होता. काका फोन नेहमी स्पीकरवरच ठेवतात, साक्षीदार असावेत म्हणून.

"हॅलो, स्मिता का? मी पडोळे काका बोलून राहिलो. सेक्टर दहा. तुझा लग्नाचा बायोडाटा काढून टाकू का?"

पलीकडून एक बाई सावधपणे म्हणाली, "काका, माझा मुलगा दहावीत आहे."

"ते मले माहीत आहे. पण तुझ्याकडून परवानगी पायजे ना."

"थांबा थांबा. त्यात माझं वजन किती लिहिलंय?"

काकांनी फाइल उघडून बघितली. "अठ्ठेचाळीस."

"मग मुळीच नका काढू! आधी मला पाठवा. ह्यांना दाखवायचंय."

असं सुरू झालं. काका रोज सकाळी दहा ते बारा फोनवर. मी शाळेतून आले की काकू मला दिवसाचा अहवाल द्यायच्या. कोणी म्हणालं, काढून टाका. कोणी म्हणालं, दोन दिवसांनी सांगतो. पुण्याच्या एका पोरानं हिंदीतच सुरुवात केली, "अंकल, आप अभी भी वही कंप्यूटर चला रहे हो?" आणि मग त्याच्या आईनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि क्वार्टरच्या मागचं पेरूचं झाड अजून आहे का, यावर तासभर बोलली. काकांना त्यासाठी दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून सेक्टर दहात जाऊन यावं लागलं. झाड होतं. तसं त्यांनी तिला रीतसर फोन करून कळवलं.

"एक कागद काढाले एक दिवस," काकू म्हणाल्या. "ताबीज लागेपर्यंत मीच देवघरात जाऊन बसन."

पण दुपारी फोन वाजला की त्याच आधी उचलायच्या. दोन लग्नांची बोलावणी आली. एका घरातून लोणचं आलं, कुरियरनं. ज्यांना आपले कागद हवे होते त्यांना मी पाठवून दिले, मग काकांनी ते वहीत खूण करून काढले. दोन आठवड्यांत अख्खा स्ट्रीट रिकामा झाला. म्हणजे डिस्कवरून.

एक फोल्डर राहिला. चौदा-डी, हेडाऊ. त्यात एकच फाइल, इवलीशी.

"यांना फोन लावायचा राहिलाय ना काका?"

"त्याले नाही लावायचा," काका वहीत बघत म्हणाले. "ते तसंच जाईन. जागा नाही लागत त्याले."

काकू शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, काकांकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. खरंच जागा लागत नव्हती. मी पुढच्या कामाला लागले.

शटडाउनचा दिवस रविवार ठरला. सकाळी आठला पोचले तर दारावर लाल कापड बांधलेलं. गल्लीच्या तोंडाशी ग्रिल बनवणाऱ्याचं दुकान आहे. वेल्डिंगनं व्होल्टेज पडतं म्हणून काकांनी त्याच्याकडून आठ ते चार वेल्डिंग न करण्याचं लेखी घेतलं होतं. तो बिचारा आपल्या बंद दुकानासमोर खुर्ची टाकून आमच्या दाराकडे बघत बसला होता. काकूंना मिक्सर बंद, गिझर बंद. मला हेल्मेट.

"काका, कंप्युटर टेबलावर आहे. माझ्या डोक्यावर काय पडणार?"

"सगळ्याइले असंच वाटते."

प्लांटचं जुनं पिवळं हेल्मेट घालून मी कंप्युटरचा डबा उघडला. तेवढ्यात आमच्या अंगणाच्या भिंतीवरून, खिडकीतून माझ्या नवऱ्यानं फोटो काढला. तो सासरच्या ग्रुपवर अजून फिरतो आहे.

ताबीज देवघरातून निघालं. दुसरी केबल जोडली, नक्कल करणारा प्रोग्रॅम सुरू केला, आणि स्क्रीनवर टक्के चढायला लागले. काका समोर स्टूल घेऊन बसले, मांडीवर लॉगबुक. दर पंधरा मिनिटांनी ते स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायचे आणि लिहायचे. नऊ पंधरा, अकरा टक्के, आवाज ठीक. साडेनऊ, एकोणीस टक्के, आवाज ठीक. दहा, तीस टक्के, शेजारीण चहाला गेली.

त्रेसष्टला आकडा थांबला. टक्. टक्. टक्. मग स्क्रीनवर लाल चौकट आली. जुन्या डिस्कचा एक भाग खराब झाला होता, वाचता येत नव्हता, म्हणून प्रोग्रॅमनं हात वर केले होते.

मला वाटलं काका लॉगबुकात काहीतरी लिहितील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हेडाऊचं आलं का तिकडं?"

"असं सांगता नाही येणार काका. अर्ध्यावर थांबलं की काहीच आलं नाही असं धरायचं."

"आन् इकडचं?"

"इकडचं अजून आहे. पण ही डिस्क किती वेळ..." मी वाक्य पूर्ण केलं नाही.

ते उठून अंगणात गेले. खिडकीतून दिसत होते. कुंड्यांना सकाळी पाणी दिलेलं होतं, तरी पुन्हा देत होते.

मी आधी ती एक फाइल माझ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं आणि वर्गातल्या मुलांना मी हेच ओरडून सांगत असते, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही. मग खराब भाग वगळून पुढे जायची खूण केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. काकांना हाक मारून पेनड्राइव्ह दाखवला. ते आत आले, पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं आणि स्टुलावर बसले. लॉगबुकात त्यांनी लिहिलं, 'दुसरा प्रयत्न. धीर धरणे.'

या वेळी त्रेसष्ट गेले. सत्तर गेले. जेवणं आम्ही स्टुलाभोवतीच केली, मिक्सर बंद असल्यामुळे चटणीशिवाय. पावणेतीनला शंभर झाले.

जुनी डिस्क काढली, तिच्या जागी नवी बसवली, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. काकांनी चष्मा सावरून एकेक शब्द वाचला. नो. बूट. डिव्हाइस. मग त्यांची नजर हळूहळू खाली माझ्या पायांकडे गेली.

"मी पहिलेच सांगितलं होतं," ते म्हणाले, "चपलीवर काम नाही करायचं."

मी हसू आवरेपर्यंत ते आत जाऊन स्वतःचे प्लांटचे सेफ्टी बूट घालून आले. कंप्युटरला फक्त नव्या डिस्कचं नाव पहिल्या नंबरावर लिहून द्यायचं राहिलं होतं. मी ते दिलं आणि पुन्हा बटण दाबलं. नेमके तेव्हाच ते बूट घालून दारात उभे होते, त्यामुळे कशानं काम झालं याबद्दल त्यांचं आणि माझं मत आजही वेगळं आहे.

चौदा सेकंद. स्क्रीन आली, फाइली आल्या, अकरा कुंड्यांचा फोटो आला.

काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "बंद कर. परत लाव."

चौदा सेकंद.

"परत."

पाच वेळा लावून बघितलं. "यानं काहीतरी तपासाचं सोडून देलं," काका म्हणाले. "इतक्या लवकर कोणी तयार होत नाही. लग्नघरचा नवरदेव नाही होत."

शेवटी त्यांना मानावं लागलं. दारावरचं लाल कापड सोडलं आणि ग्रिलवाल्याला 'ऑल क्लिअर' द्यायला ते स्वतः चालत गेले, बूट वाजवत. जाताना मला सांगून गेले, ट्रायल रन घे, एकेक फाइल उघडून पाहा.

मी उघडत गेले. फोटो उघडले. काकूंची पाककृती उघडली. चौदा-डी उघडला.

लग्नाचा बायोडाटा होता. नाव: मनोहर हेडाऊ. नोकरी: क्रेन ऑपरेटर, प्लांट. पत्ता: सेक्टर दहाचं क्वार्टर. आवड: रेडिओ, जुनी घड्याळं दुरुस्त करणे. अपेक्षा: मुलीला स्वयंपाक यावा. त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं, नाही आला तरी चालेल, मला येतो.

वय: एकोणसाठ.

मला हसू आलं. फाइल शेवटची कधी बदलली ते बघितलं, तर जेमतेम वर्षच झालं होतं. मी आत हाक मारली, "काकू, हे हेडाऊ या वयात पण स्थळ बघतायत का?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. स्क्रीनकडे बघितलं. त्यांना वाचायला चष्मा लागतो, पण त्यांनी तो लावला नाही.

"हेडाऊ भाऊजीले जाऊन अकरा वर्षं झाली बाई," त्या म्हणाल्या. "हार्टनं गेले. ड्यूटीवरून आले, आमच्या घरी भाजी देऊन गेले, आन् सकाळी दार नाही उघडलं."

मी वयाच्या आकड्याकडे बघत राहिले.

"दोघं एकाच शिफ्टमध्ये होते. भिंतीले भिंत क्वार्टर. बेचाळीस वर्षाचे झाले तरी जमत नव्हतं, तं हेच म्हणाले, मी बायोडाटा करून देतो. आन् वाढदिवस आला का भाऊजी कंप्युटरपुढं येऊन बसत. म्हणत, चाला, वय वाढवा माझं."

बाहेर बूट वाजले. काका आत आले, आम्हा दोघींना बघितलं, मग स्क्रीन बघितली. कागद बनवताना चूक पकडली गेलेल्या कारकुनासारखा त्यांचा चेहरा झाला. हेल्मेट अजून माझ्याच डोक्यावर होतं. ते मी काढलं.

"तारीख येते ना त्याची," ते म्हणाले. "वय जुनं राहिलं तं बायोडाटा खोटा होते."

त्यांनी बूट काढून दाराशी ठेवले.

"मी म्हटलं होतं त्याले, तुझं जमवल्याबिगर रिटायर नाही होत." त्यांनी खिशाचं बटण काढलं, पेनड्राइव्ह काढून मला परत दिला. "झालो."

मग स्टूल ओढून ते कीबोर्डपुढे बसले. येत्या गुरुवारी वाढदिवस होता. आता कंप्युटर चालूच आहे तर आजच करून टाकू, म्हणाले. एका बोटानं त्यांनी एकोणसाठ खोडलं आणि साठ लिहिलं. पुढच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"साठ म्हंजे रिटायर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नोकरीसमोर काय लिहू? 'सेवानिवृत्त' लिहू ना?"

"लिहा काका."

त्या शब्दातलं जोडाक्षर त्यांना सापडेना. मी दाखवलं. त्यांनी लिहिलं आणि खालच्या ओळीवर आले. पत्ता. सेक्टर दहाचं क्वार्टर.

"हे तं सोडा लागन त्याले आता," काका म्हणाले.

सतरा वर्षं जुनी ती ओळ त्यांनी एकेक अक्षर करून खोडली. रिकाम्या जागी बराच वेळ रेघ लुकलुकत राहिली. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. द्वारा पडोळे, कोहका, भिलाई.

काकू दारातून जायला वळल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "समोरची खोली नोका लिहू. तिथं तुमच्या कंप्युटरचा पसारा आहे. मागची लिहा. तिकडं हवा येते."

काकांनी मान हलवली, मागची खोली असं लिहिलं आणि सेव्ह केलं.